मध्यकाखालची माणसे : संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे

म्हसा (ता. मुरबाड), खास प्रतिनिधी

पौष पौर्णिमेला म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्यांची दुकाने लागतात आणि गुरांचा मोठा बाजार बसतो. या बाजारातील एका दावणीला नऊ बैल बांधले आहेत, असे समजा. किमतीच्या चढत्या क्रमाने ते उभे केले, तर पाचवा बैल बरोबर मधला ठरेल. चार त्याच्याहून स्वस्त, चार महाग. त्या पाचव्या बैलाची किंमत म्हणजे दावणीचा मध्यक. शेवटच्या देखण्या खोंडाची किंमत मालकाने दुप्पट सांगितली, तर सरासरी एकदम वर चढेल. मध्यक जागचा हलणार नाही. बैल नऊऐवजी नऊ हजार झाले, की मात्र प्रत्येकाला रांगेत उभे करणे शक्य नसते. मग किमतींचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती बैल येतात ते मांडायचे आणि त्या वारंवारता सारणीतून मधल्या बैलाचा माग काढायचा. दहावीच्या बीजगणितातील सांख्यिकीच्या प्रकरणात मुले हेच शिकतात आणि परीक्षा संपली की बहुधा विसरतात.

पण सारणीतील आकडे बैलांच्या किमतींचे नसून माणसांच्या ताटातील अन्नाचे असतील, तर? मध्यकाच्या खाली अर्धी माणसे असणारच. व्याख्याच तशी आहे. मग खाली असलेली ती सारी माणसे उपाशी समजायची काय? आणि नसतील, तर भुकेची रेषा नेमकी कोठे ओढायची? हा प्रश्न आयुष्यभर ज्यांनी सोडला नाही, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जगाची भूक मोजण्याची पद्धत या मराठी संख्याशास्त्रज्ञाने घडविली आणि त्याच पद्धतीपायी आपल्याच पुण्यातील विद्वानांची कठोर टीकाही ओढवून घेतली.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हे गाव. माण-खटावचा हा पट्टा पाऊस रुसणारा. पीक हाती लागेपर्यंत त्याची खात्री नसलेला. पुढे पिकाचा अंदाज कसा बांधावा याचे शास्त्र उभारणारा माणूस अशा भागातून यावा, याला योगायोगच म्हटले पाहिजे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

संख्याशास्त्रासाठी याहून योग्य जागा आणि याहून योग्य वेळ मिळाली नसती. कार्ल पिअर्सन १९३३ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांच्या विभागाचे दोन भाग होऊन एकाची सूत्रे त्यांचे चिरंजीव एगॉन पिअर्सन यांच्याकडे, तर दुसऱ्याची रोनाल्ड फिशर यांच्याकडे आली होती. दोघांचे पटत नव्हते. १९३४ मध्ये पोलंडचे जर्झी नेमन तेथे आले. संपूर्ण गणना न करता थोड्या पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून समग्राविषयी कसे बोलावे, याचा पाया नेमन त्याच काळात घालत होते. सुखात्मे यांनी आपला विषय तोच घेतला. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

फिशर ज्या अध्यासनावर बसले होते, त्याला फ्रान्सिस गाल्टन यांचे नाव होते. मध्यक हे मोजमाप रुळविण्यात आणि संचित वारंवारतेचा वक्र प्रचारात आणण्यात गाल्टन यांचा मोठा वाटा. म्हशाच्या वाचकाला त्यांची एक गोष्ट आवडेल. १९०६ मध्ये इंग्लंडातील प्लिमथ येथे पशुप्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे गाल्टन यांनी मिळविली, अंदाज क्रमाने लावले आणि मधला अंदाज काढला. तो १,२०७ पौंड निघाला. वजन भरले १,१९८ पौंड. एकेकटा माणूस बराच चुकला होता, पण रांगेच्या मधोमध सत्याच्या अगदी जवळचा आकडा उभा होता. याच गाल्टन यांनी माणसांची उत्तम आणि हीन अशी प्रतवारी लावणाऱ्या सुप्रजननाच्या विचाराला जन्म दिला, हेही येथे सांगितले पाहिजे. माणसे क्रमाने मांडण्याचे शास्त्र कोणत्या हाती पडते, यावर बरेच अवलंबून असते.

मायदेशी परतल्यावर सुखात्मे प्रथम कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत प्राध्यापक झाले. १९४० मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेतील संख्याशास्त्र शाखेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक; गावकामगाराने शिवारावर नजर टाकून यंदा दहा आणे की बारा आणे ते सांगायचे. आण्यांची नाणी गेली, पैसेवारी आली, तरी ही कल्पना महसूल खात्यात आजतागायत टिकून आहे. नजरेत अनुभव असतो हे खरे, पण नजरेत साराही असतो आणि सवलतीची अपेक्षाही. पुढे १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. देशात धान्य किती पिकते याचा विश्वासार्ह आकडा हाताशी नसणे किती महागात पडू शकते, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसविली. गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडायची, गावातील शेत तसेच निवडायचे, शेतातील तुकडाही तसाच. तो मोजून आखायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे. या कामात त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाजलेला वाद झाला. महालनोबिस अगदी लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. श्रम वाचतात आणि तुकडे अधिक घेता येतात. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांवरून दाखविले, की तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगते. कारण साधे आहे. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान, तेवढी कडेची रोपे प्रमाणाने अधिक. हा निष्कर्ष १९४६-४७ मध्ये परदेशी शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाला. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरात तलाठी व कृषी सहायक कापणी प्रयोगाची चौकट आखतात, तेव्हा त्या चौकटीमागे हा वाद उभा असतो.

१९४७ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष होते आणि कार्याचा भार सुखात्मे यांनी उचलला. दिल्लीत त्यांनी वाढविलेली शाखा पुढे देशाची कृषी संख्याशास्त्राची प्रमुख संशोधन संस्था झाली. नमुना पाहणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी अभ्यासला.

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि रोममधील तिच्या मुख्यालयात संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून सुमारे दोन दशके राहिले. आयुष्याच्या मुख्य प्रश्नाशी त्यांची गाठ तेथे पडली. संघटनेचे पहिले महासंचालक आणि शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली असल्याचे लिहिले होते. जगभर ते वाक्य फिरले. सुखात्मे यांना त्यामागची कळकळ मान्य होती, आकडा मान्य नव्हता. देशात उपलब्ध अन्नाला लोकसंख्येने भागून सरासरी काढायची आणि ती गरजेच्या सरासरीशी ताडून पाहायची, एवढ्याने किती जण उपाशी आहेत हे कळत नाही. ताटातील अन्नही माणसागणिक कमी-अधिक आणि शरीराची गरजही माणसागणिक कमी-अधिक. दोन सरासऱ्यांची तुलना न करता पसारा पाहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध मांडला. निरोगी माणसांच्या गरजेचा वक्र दोन्ही बाजूंना सारखा उतरत असेल, तर सरासरी आणि मध्यक एकाच ठिकाणी येतात. प्रत्येकाला हवे तेवढे अन्न मिळणाऱ्या सुखी गावातही अर्धी माणसे त्या बिंदूच्या खाली खातात. त्यांची गरजच तेवढी असते. म्हणून उपासमारीची सीमा मध्यावर न धरता वक्राच्या खालच्या टोकाकडे, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून धरावी. या हिशेबाने जगातील १० ते १५ टक्के लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, आणि ज्यांच्या आहाराचा दर्जा निकृष्ट आहे असे लोक धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असा निष्कर्ष निघाला. १९६३ मध्ये त्यांना सोसायटीचे गाय पदक (रौप्य) मिळाले. भुकेल्यांची संख्या मोजण्यासाठी अन्न व कृषी संघटना आज जी पद्धत वापरते, तिचे मूळ या निबंधात आहे.

प्रथिनांचा प्रश्नही असाच. १९६० च्या दशकाअखेर जगापुढे प्रथिनांच्या टंचाईचे संकट उभे असल्याचा गाजावाजा झाला आणि प्रथिनयुक्त खास खाद्यपदार्थांच्या योजना निघाल्या. आहार पाहणीचे आकडे तपासून सुखात्मे यांनी सांगितले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना बहुधा मुळात अन्नच कमी पडते. पोट रिकामे असले की शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. रोजची भाकरी आणि डाळ पुरेशी मिळाली, तर वेगळ्या डब्यांची गरज बहुतेकांना भासणार नाही. या मुद्द्यावर काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९७१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि रोममधील कारकीर्द आटोपून ते पुण्यास स्थायिक झाले.

पुणे त्या वेळी गरिबीच्या मोजमापाचे केंद्र झाले होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्येच आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. दरडोई दररोज २,२५० उष्मांक हा निकष धरून १९६०-६१ मध्ये सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी जनता त्याखाली असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक हे निकष ठरविले. सुखात्मे यांनी यालाच हरकत घेतली.

वाद समजण्यासाठी एक सारणी मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. शंभर ग्रामस्थांच्या दैनंदिन आहारातील उष्मांक असे आढळले, असे धरू :

१,२०० ते १,६०० : ८ व्यक्ती (संचित ८)
१,६०० ते २,००० : २२ व्यक्ती (संचित ३०)
२,००० ते २,४०० : ४० व्यक्ती (संचित ७०)
२,४०० ते २,८०० : २० व्यक्ती (संचित ९०)
२,८०० ते ३,२०० : १० व्यक्ती (संचित १००)

शंभराचे निम्मे पन्नास. दुसऱ्या वर्गाअखेर तीस माणसे संपतात, तिसऱ्या वर्गाअखेर सत्तर. म्हणजे पन्नासावा माणूस २,००० ते २,४०० या वर्गात बसला आहे. त्याच्यापर्यंत पोचायला या वर्गातील चाळिसांपैकी वीस जण ओलांडायचे, म्हणजे अर्धा वर्ग चालायचा. वर्गाची रुंदी ४००, तिचे निम्मे २००. म्हणून मध्यक २,२०० उष्मांक. पाठ्यपुस्तकातील सूत्र हेच सांगते. त्यात एक गृहीतक दडलेले असते : वर्गातील माणसे सारख्या अंतराने पसरलेली आहेत. प्रत्यक्षात ती तशी नसतात, पण काम भागते.

आता रेषा ओढू. निकष २,४०० धरला, तर शंभरातील सत्तर जण रेषेखाली. सुखात्मे यांच्या मते गरजेतील चढउतार सरासरीच्या सुमारे १५ टक्के. त्याची दुप्पट ३० टक्के वजा केली की सीमा १,६८० वर येते. पहिल्या वर्गातील ८ जण खाली आहेतच. दुसऱ्या वर्गातील २२ जण ४०० उष्मांकांत पसरलेले, त्यांपैकी पहिल्या ८० उष्मांकांत चार-साडेचार. एकूण बारा. सारणी तीच, माणसे तीच. एका रेषेने सत्तर भुकेले ठरतात, दुसरीने बारा. शिधापत्रिका, पूरक आहार, रोजगाराची कामे कोणाला द्यायची, हे अशा रेषेवर ठरत असेल, तर हा वाद केवळ पंडितांचा राहत नाही.

सुखात्मे यांनी येथे आणखी एक पाऊल टाकले. अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्या सहकार्याने १९७० च्या दशकाअखेर त्यांनी असे प्रतिपादन केले, की गरज माणसामाणसांतच नव्हे, तर एकाच माणसात दिवसेंदिवस बदलते आणि हा बदल शरीर स्वतः नियंत्रित करते. अन्न काही मर्यादेत कमी झाले, तर शरीर त्याचा वापर अधिक काटकसरीने करते. प्रकृतीला बाध येत नाही. १,६८० वर जगणारा माणूस या विचारानुसार तडजोड करून जगत नसतो, तो निरोगीच असतो.

टीका येथूनच पेटली. १९८१-८२ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दांडेकर आणि सुखात्मे यांची लेखणी एकमेकांविरुद्ध चालली. एकाच शहरात राहणारे, संख्याशास्त्रात मुरलेले हे दोघे. माणूस दरिद्री आहे की नाही हा प्रश्न आणि त्याचे शरीर खंगले आहे की नाही हा प्रश्न, यांत फरक केला पाहिजे, हा वादाचा एक मुख्य धागा होता. इतर टीकाकारांनी पुराव्याकडे बोट दाखविले : मोजक्या निरोगी माणसांवरील मोजमापांवरून कोट्यवधी श्रमिकांविषयी निष्कर्ष काढता येईल काय? आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांचा विरोध तर अतिशय तीव्र होता. याच सुमारास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी लहान चणीची पण निरोगी माणसे अशी कल्पना मांडली होती. खुरटलेले मूल म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेतलेले मूल, असे म्हणणे म्हणजे दारिद्र्याला शास्त्राचा शिक्का देणे, असा गोपालन यांचा आक्षेप होता.

सुखात्मे यांच्या बाजूने एवढे म्हणावेच लागेल, की भूक लहान करून दाखविणे हा त्यांचा हेतू नव्हता. आकडा फुगविला तर मदत सर्वांत गरजू बारा जणांपर्यंत न पोचता सत्तरांत विखुरते, ही त्यांची भीती होती. शिवाय नुसते धान्य वाढवून भागणार नाही, असे ते सांगत राहिले. पाणी दूषित असेल, पोटात जंत असतील, मूल वारंवार हगवणीने आजारी पडत असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही. स्वच्छ पाणी आणि स्वच्छता यांना आहाराइतकेच महत्त्व द्यावे, हा आग्रह त्यांनी उतारवयात पुण्यात राहून लावून धरला. मात्र त्यांच्या सीमारेषेत एक मोठी फट राहिली, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते. शरीर कमी अन्नावर निभावते ते बहुधा कमी काम करून. दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना ती सोय नाही. दिवसभर चिखल मळून विटा पाडायच्या, तर शरीराने काटकसर करायची कोठे?

सुखात्मे यांचा मूळ मुद्दा मात्र याच वाड्यांतील अंगणवाडीत रोजच्या वापरात आहे. पूर्वी बालकाचे वजन संदर्भ आलेखातील मधल्या वजनाच्या किती टक्के भरते, त्यावरून त्याची श्रेणी ठरत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी वाढमानके प्रसिद्ध केली आणि भारताने ती काही काळातच स्वीकारली. त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यक वजन ९.६ किलो आहे. पण साडेआठ किलोचे मूल कमी वजनाचे ठरत नाही. ती रेषा मध्यकाच्या बरीच खाली, प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून, ७.७ किलोवर आहे आणि तीव्र कमी वजनाची ६.९ किलोवर. तर्क सुखात्मे यांचाच. फरक आहे तो सारणी कोणाची यात. ही मानके काढताना निरनिराळ्या देशांतील नीट पोसलेली, आईच्या दुधावर वाढलेली मुले निवडण्यात आली होती. वक्र पोटभर जेवणाऱ्यांचा, त्यामुळे त्याच्या खालच्या टोकालाही अर्थ आहे. भट्टीवर गेलेल्या मुलाच्या वजनाची घरे मात्र नोंदवहीत पावसाळ्यापर्यंत कोरी राहतात आणि कोरे घर कोणत्याच वर्गात मोजले जात नाही.

दांडेकर १९९५ मध्ये गेले. सुखात्मे यांचे पुण्यात २८ जानेवारी १९९७ रोजी निधन झाले. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने त्यांच्या नावे ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आहे. रेषेचा वाद मिटला नाही. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकांच्या निकषाला बांधणे सोडून दिले. २०१४ मध्ये रंगराजन समितीने उष्मांक पुन्हा हिशेबात घेतले, ग्रामीण भागासाठी २,१५५ आणि शहरांसाठी २,०९०. वरच्या सारणीत २,१५५ ची रेषा ओढली, तर शंभरातील पंचेचाळीस-सेहेचाळीस माणसे तिच्याखाली येतात.